नमुना केंद्र क्रमांक सात

नियमकाकांच्या स्वयंपाकघरातल्या नळाला सरकारी मान्यता मिळाली, त्या दिवशी काका कचेरीतून घरी आले, चपला न काढता थेट ओट्यापाशी गेले आणि काकूंच्या हातातलं पातेलं काढून घेत म्हणाले, "आजपासून ह्या नळाला कुणी हात लावायचा नाही."

"म्हणजे? भांडी कुठे घासू?"

"न्हाणीघरात."

"आणि प्यायचं पाणी?"

"तेही न्हाणीघरातूनच भर. अगं, हा आता आपला नळ राहिलेला नाही. हा नमुना केंद्र क्रमांक सात आहे."

काकूंनी एकदा नळाकडे पाहिलं, एकदा काकांकडे पाहिलं, आणि उरलेली सहा केंद्रं दुसऱ्यांच्या घरी आहेत म्हणून मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

आता हा मान काकांना मिळाला कसा, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटायचं, त्यांनी वशिला लावला. काकांनी जन्मात कधी वशिला लावला नाही. ते पत्रं लिहायचे. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून सलग नऊ वर्षं, दर महिन्याला एक पत्र, पाणीपुरवठा कचेरीच्या नावानं. विषय एकच: पाण्याला औषधाचा उग्र वास येतो, सबब सदर कर्मचाऱ्यास कडक समज देण्यात यावी. सदर कर्मचारी म्हणजे गावचा टाकीवाला. हा बिचारा पाण्याच्या टाकीखालच्या दोन खोल्यांत बायको आणि म्हाताऱ्या आईला घेऊन राहायचा, सकाळी सहाला आणि दुपारी चारला पाण्यात क्लोरीनचं औषध सोडायचा, आणि महिन्यातून एकदा काकांच्या पत्रापायी साहेबांपुढे खाली मान घालून उभा राहायचा.

साहेबही पत्रांना कंटाळले होते. त्यातच वरून फर्मान आलं की प्रत्येक लाइनीच्या शेवटच्या घरातल्या नळाचं पाणी दर महिन्याला तपासलंच पाहिजे. काकांचं घर लाइनीच्या अगदी टोकाला. साहेबांनी विचार केला, एवीतेवी हा माणूस आपल्या डोक्यावर बसलेलाच आहे, त्याला खुर्ची देऊन टाकू. त्यांनी काकांना बोलावून चहा पाजला आणि एक पत्र्याची पाटी हातात ठेवली. नऊ वर्षांत काका पहिल्यांदाच त्या कचेरीतून हसत बाहेर पडले, आणि दारावरच्या शिपायानं घाबरून आत डोकावून पाहिलं.

पाटी फाटकाला लागली आणि शेजारपाजार गोळा झाला.

"नमुना तर आम्ही केव्हापासून ओळखून होतो," डावीकडचे चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणाले, "केंद्र आत्ता झालं एवढंच." मग त्यांनी आत येऊन नळाची पाहणी केली आणि जीभ चुकचुकवली. "काका, हा नळ? सरकारी माणूस येणार आणि त्याला हा हिरवट पडलेला नळ दाखवणार? अहो, काही इभ्रत आहे की नाही?"

इभ्रतीचा विषय निघाल्यावर काका थांबणारे नव्हते. त्याच संध्याकाळी चकचकीत नवा नळ बसला. त्यात चेहरा दिसायचा. थोडा वाकडा, पण दिसायचा.

उजवीकडच्या मास्तरीणबाईंना तो पसंत पडला, पण शाळेत चाळीस वर्षं चुका काढण्यात गेल्यामुळे त्यांना नुसती पसंती देता येत नसे. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण फोडणीचे शिंतोडे उडणार. धूळ बसणार. उघडा कसा ठेवता?"

ह्या बाबतीत काकूंना दोनदा सांगावं लागत नसे. त्यांच्या हाती लोकर आणि सुया आल्या की समोरच्या वस्तूची धडगत नसायची. घरात फोनला टोपी होती, मिक्सरला टोपी होती, गजराच्या घड्याळाला तर कान झाकणारी टोपी होती, त्यामुळे गजर कुणाला ऐकू येत नसे. दोन दिवसांत नळाला पिस्ता रंगाची, खाली गोंडा असलेली, अंगासरशी बसणारी टोपी तयार झाली. नवा नळ असूनही जरासा ठिबकायचा, म्हणून टोपी कायम ओलसर असायची. काकूंचं म्हणणं, त्यानं नळाला थंडावा मिळतो.

अशा रीतीनं तो नळ सजून, टोपी घालून, बंद अवस्थेत तीन आठवडे उभा राहिला. घराघरात चांगल्या कपांचा संच पाहुण्यांसाठी कपाटात असतो आणि घरची माणसं कान उडालेल्या कपातून चहा पितात, त्यातलाच हा प्रकार. काकू दिवसातून दहा वेळा न्हाणीघरातून कळशी भरून आणत होत्या आणि ओट्यापाशी आल्या की नळाकडे जळजळीत कटाक्ष टाकत होत्या. काका मात्र सकाळ-संध्याकाळ गोंडा सरळ करत.

अखेर प्रयोगशाळेतली मुलगी आली. बर्फाची पेटी, बाटल्या, स्पिरिट, कापूस, काड्यापेटी, असा सगळा सरंजाम घेऊन आली. नोकरीचं पहिलंच वर्ष असावं, कारण ती अजून दारात चपला नीट जोडून ठेवत होती.

"काका, ही टोपी..."

"थांब. मी काढतो." काकांनी गोंडा दोन बोटांत धरून टोपी हलकेच उतरवली.

मुलीनं नळ पूर्ण सोडला आणि घड्याळात पाहिलं.

"हे काय चालवलंयस?"

"तीन मिनिटं वाहू द्यायचं असतं, काका."

"तीन मिनिटं? पिण्याचं पाणी? मोरीत?" काकांनी झडप घालून नळ बंद केला. "पाण्याच्या अपव्ययाबद्दलचा नियम माहीत आहे का तुला? सरकारी माणसानंच असं केलं तर लोकांनी कुणाकडे बघायचं?"

मुलगी ओशाळली. मग तिनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि काडी ओढली.

"आणि आता हे काय?"

"नळाचं तोंड जाळायचंय."

काका नळाच्या आडवे आले. "काय जाळायचंय?"

"तोंडाला जंतू असतात ना काका, ते मारावे लागतात. नाहीतर..."

"अगं, तीन आठवड्यांत ह्या नळाला माणसाचा हात लागलेला नाही! जंतू येतील कुठून? नवाकोरा नळ आहे हा, काळा पडेल!"

"पण पद्धत आहे, काका."

"मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे," काका म्हणाले. हा मुद्दा कुठल्याच नियमात नाही, पण तो आजवर कुणी खोडून काढू शकलेलं नाही. मुलीनं काडी विझवली. "तुझं समाधान व्हावं म्हणून पुसून देतो," असं म्हणत काकांनी उदार मनानं त्या पिस्ता टोपीनंच नळाचं तोंड आतून-बाहेरून खसखसून पुसलं आणि पहिली धार स्वतःच्या देखरेखीखाली बाटलीत धरायला लावली.

चौथ्या दिवशी सकाळी भोंगा लावलेली गाडी गावात फिरू लागली. "नमुना केंद्र क्रमांक सात येथील पाणी दूषित आढळल्यामुळे, सर्व नागरिकांनी पुढील सूचना मिळेपर्यंत पाणी वीस मिनिटं उकळून, गार करून प्यावं!" बाकीची सहा केंद्रं बिनधोक निघाली होती, पण एक केंद्र नापास झालं की सगळ्या गावानं उकळायचं, असा नियम होता. खुद्द काकांनीच चार वर्षांपूर्वी एका पत्रात त्याची आठवण करून दिली होती.

पहिले दोन दिवस काकांचा भाव फार वधारला. "पकडलंत बरं का त्यांना," लोक रस्त्यात थांबून म्हणत. काका मान हलवत आणि म्हणत, "नऊ वर्षं ओरडतोय मी." वास जास्त येतो म्हणून ओरडत होतो, हा तपशील ते गाळत.

तिसऱ्या दिवशी हवा बदलली. पाणी उकळायला सोपं. गार व्हायला काही ते सांगितलं ऐकत नाही. गावातली झाडून सगळी पातेली पाण्यानं अडली, तेव्हा स्वयंपाक कशात करायचा हा प्रश्न आला. शाळेत मुलं कोमट पाणी पिऊन तोंडं वाकडी करू लागली. गायनाच्या बाईंची जीभ पोळली आणि त्यांचा कार्यक्रम रद्द झाला. न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या तोंडावर फवारा मारला तर ते गिऱ्हाईक खुर्चीत उभंच राहिलं. आणि ह्या सगळ्यांनी काय करावं? दूषण द्यायला नाव शोधावं, तर ते भोंग्यातून दिवसातून सहा वेळा ऐकू येत होतं.

"तुमच्या त्या सातनं वैताग आणलाय बुवा," चष्मेवाले म्हणाले.

काकांना हा शब्द फार लागला. त्यांनी दुसऱ्या तपासणीच्या वेळी काळजीची शर्थ केली. काकूंकडून दुहेरी विणीची जाड टोपी करून घेतली, आधीचे आठ दिवस नळावर पाळत ठेवली, आणि मुलगी आल्यावर तिच्या हातून काड्यापेटी दारातच काढून घेतली. पाणी पहिल्यापेक्षा वाईट निघालं.

आता साहेबांवर दडपण आलं. लाइनीच्या टोकाला औषध पोचत नाही, म्हणजे टाकीवर ते कमी पडतंय. कमी पडतंय, म्हणजे टाकीवाला झोपा काढतोय. साहेबांनी त्याला कामावरून दूर केलं, बदली माणूस नेमला आणि शुक्रवारी जाहीर सुनावणी ठेवली. दोष शाबीत झाला की नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की टाकीखालच्या दोन खोल्याही जाणार. तक्रारदार म्हणून अर्थातच काका. त्यांनी तीन पानी निवेदन लिहिलं. त्यात "सदर कर्मचाऱ्याचा अक्षम्य हलगर्जीपणा" हे शब्द तीनदा आले होते आणि एकदा त्यांच्याखाली रेघ होती.

मंगळवारी टाकीवाला काकांच्या दारात येऊन उभा राहिला. काकांना वाटलं, आता हा भांडणार. त्यांनी कंबर कसली. पण तो हात जोडून म्हणाला, "काका, एक परवानगी हवी होती."

"कसली?"

"तुमची पत्रं मी जपून ठेवलीत. साहेब वाचून टाकून द्यायचे, मी उचलून आणायचो. शंभरावर आहेत. प्रत्येकात लिहिलंय, औषधाचा वास येतो म्हणून. शुक्रवारी ती दाखवली तर चालतील का? माझ्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी नाही."

काकांना एकदम ठसका लागला.

"पहिला नमुना नेला ना, त्या दिवसाचंही पत्र आहे," टाकीवाला शांतपणे म्हणाला. "सकाळी साडेसहाला वास आला, असं लिहिलंय तुम्ही. न्हाणीघरातल्या नळाच्या पाण्याला, असंही लिहिलंय. काका, वास येतो त्या दिवशी मी कामावर असतो. नऊ वर्षांत वास आला नाही, असं पत्र तुम्ही एकदाही लिहिलं नाही."

"ते... नियमात बसतं का, बघावं लागेल," काका म्हणाले.

"बघा," टाकीवाला म्हणाला. "आई विचारते सारखी, खोल्या सोडायच्या का. तिला काय सांगू तेवढं कळलं असतं." आणि तो निघून गेला. काकूंनी न्हाणीघरातून आणलेला पाण्याचा पेला त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

काका घरात येरझारा घालू लागले. ह्या माणसाच्या हातात आपलीच पत्रं, आणि तीही तारीखवार! नियमावर बोट ठेवल्याशिवाय तरणोपाय नव्हता. नमुना घेण्याच्या अधिकृत नियमांची प्रत मिळवायची आणि शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर आपटायची, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी ते पायरीवर हजर. खिडकी नंबर दोननं त्यांना पाचकडे पाठवलं. पाचनं सांगितलं, छापील अर्ज भरा. अर्ज खिडकी नंबर दोनवर. अर्जात एक रकाना होता: कारण. खाली आठ छापील कारणं आणि पुढे चौकोन. "नियम जाणून घेणे" हे कारण त्या आठांत नव्हतं.

"हाताने लिहितो," काका म्हणाले.

"छापील कारणच लागतं," पाचवाला म्हणाला. "जवळचं एखादं बघून खूण करा हो, कोण वाचतंय!"

काकांनी फार विचार करून पाचव्या कारणावर खूण केली, कारण त्यात निदान "नळ" हा शब्द होता. नियमांची प्रत दुपारी मिळेल, असं सांगण्यात आलं. दुपारी प्रतीऐवजी दोन लोखंडी पाने घेऊन कचेरीचा प्लंबर दारात उभा.

"नळजोडणी कायमची बंद करायचीय ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. पाचवं कारण. सही पण आहे." त्यानं अर्ज दाखवला. सही होती, आणि हेडक्लार्कची सवय म्हणून खाली तारीख आणि वेळही होती. तो माणूस वाईट नव्हता, पण हुकमाचा ताबेदार. ओट्याखाली शिरून त्यानं पान्यात पाइप धरला तेव्हा काकांनी दुसऱ्या बाजूनं तोच पाइप दोन्ही हातांनी कवटाळला. "नमुना केंद्र आहे हे! ह्याला हात लावलात तर गुन्हा होईल!" ते ओट्याखालून ओरडले. त्या ओढाताणीत जोड ढिला होऊन पाण्याचा फवारा उडाला. चष्मेवाले धावत आले आणि त्यांच्या चष्म्यावरच पाणी गेलं. मास्तरीणबाईंनी दारातूनच दोघांना एका रांगेत उभं राहायला सांगितलं. शेवटी काकूंनी प्लंबरपुढे चहाचा कप ठेवला आणि म्हटलं, "भाऊ, ह्यांनी चुकून खूण केली. माणसाच्या हातून होतं." ह्या साध्या वाक्यानं प्रकरण मिटलं. प्लंबरनं जोड आवळून दिला आणि जाता जाता पिशवीतून एक बाड काढून म्हणाला, "हे तुम्हाला द्यायला सांगितलंय. नियमांची प्रत."

काका ओले कपडे न बदलता लाल पेन्सिल घेऊन बसले. जिथे जिथे कचेरी चुकली, तिथे रेघ मारायची. दहा पानं झाली, रेघ मारण्याजोगं काही सापडेना. अकराव्या पानावर कलम होतं: ग्राहकाच्या नळावरून नमुना घेणे.

नळ रोजच्या वापरातील असावा. बंद ठेवलेल्या नळाचा नमुना घेऊ नये. काकांची पेन्सिल सवयीनं चालली आणि रेघ मारून गेली. नळावर कापड अथवा कोणतेही आवरण असू नये. दुसरी रेघ. किमान तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, कारण पाइपात साचलेल्या पाण्यातील औषध उडून गेलेले असते. तिसरी. नळाचे तोंड ज्योतीने तापवावे; ते कशानेही पुसू नये. चौथी रेघ मारताना टोक मोडलं.

काकांनी चारही लाल रेघा पुन्हा एकदा मोजल्या. मग त्यांनी बाड काकूंपुढे सरकवलं. काकूंनी वाचलं.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "म्हणजे सगळा गाव आपल्यापायी..."

"हळू बोल."

"शुक्रवारी सांगणार ना?"

"सांगणार म्हणजे? गावात तोंड दाखवायला जागा राहील का? आणि हे माहीत आहे कुणाला? ती पोरगी बोलायची नाही. घरमालकानं हरकत घेतली तर नमुनाच घेऊ नये, असं खाली लिहिलंय. ती बोलली तर तिच्यावरच शेकेल."

"बरं," काकू म्हणाल्या.

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात काकांनी ह्या "बरं"चे अनेक प्रकार ऐकले होते. हा सगळ्यात वाईट. ह्याच्यानंतर काकू भांडत नाहीत, रुसत नाहीत; नुसत्या आपल्या कामाला लागतात. त्या कळशी घेऊन न्हाणीघरात गेल्या. काकांना जेवण गेलं नाही. सारखी ती म्हातारी डोळ्यांपुढे येत होती, जिला त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं.

शुक्रवारी सभागृह खचाखच भरलं. अठरा दिवस कोमट पाणी प्यायलेली माणसं होती ती. त्यांना कुणाचा तरी निकाल लागलेला हवाच होता. साहेब मध्ये, बाजूला इतिवृत्त लिहिणारा कारकून, कोपऱ्यात प्रयोगशाळेची मुलगी, आणि पहिल्या रांगेत मांडीवर पत्रांचा गठ्ठा घेऊन टाकीवाला. पत्रं त्यानं इस्त्री केल्यासारखी सरळ केली होती.

"तक्रारदारांनी निवेदन वाचावं," साहेब म्हणाले.

काका उठले. "साहेब, तक्रार मागे घेतो."

"सुनावणी सुरू झाल्यावर मागे घेता येत नाही," साहेब म्हणाले. "नियम तुम्हाला मी सांगायला हवा का?"

सभागृहात हशा पिकला. काका घाम पुसत उभे राहिले. मग एकाएकी ते हेडक्लार्कच्या जुन्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. मग दुरुस्ती सुचवतो. दुरुस्ती सुचवता येते. निवेदनात जिथे जिथे 'सदर कर्मचारी' असं आहे, तिथे तिथे 'तक्रारदार' असं वाचावं."

आणि ते वाचू लागले. "तक्रारदाराच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे समस्त गावाचे आरोग्य धोक्यात आले आहे. तक्रारदारास वारंवार समज देऊनही त्याच्या वर्तनात सुधारणा नाही." लोक एकमेकांकडे बघू लागले. "तक्रारदाराने नळ तीन आठवडे बंद ठेवला, हे ह्यात नाही, ते घालून घ्यावे. तक्रारदाराने पाणी वाहू दिले नाही. तक्रारदाराने नळ तापवू दिला नाही आणि लोकरीच्या ओल्या टोपीने त्याचे तोंड पुसले."

"कशानं?" साहेब पुढे वाकले.

"टोपीनं, साहेब. नळाला टोपी होती."

"मी विणलेली," मागच्या रांगेतून काकू उभ्या राहिल्या. त्यांना राहवेना. "विणीत काही दोष नाही हो. एक टाका सुटलेला दाखवा. पण नळाला घालायला नको होती, ते खरं."

मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळं सभागृह हसू लागलं. कारकुनानं हसता हसता इतिवृत्तावर शाई सांडली. फक्त काका हसत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तरी ते शेवटपर्यंत वाचत राहिले: "सबब तक्रारदारास कठोर शासन व्हावे, ही विनंती."

साहेबांनी मुलीकडे मोर्चा वळवला. "आणि तू ह्यांचं ऐकलंस कसं?"

मुलगी उठली. "सर, तुम्हीसुद्धा नऊ वर्षं ऐकताच आहात की."

साहेबांनी घाईघाईनं टेबलावरचे कागद गोळा केले. "नमुना पुन्हा घ्या," ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता. माझ्यासमोर."

सगळी सभा काकांच्या घरी निघाली. स्वयंपाकघरात मावली तेवढी माणसं मावली, उरलेली खिडकीला लटकली. टोपी निघाली. मुलीनं काडी ओढली. चकचकीत नळाचं तोंड ज्योतीत काळं होत गेलं आणि काकांनी डोळे मिटून घेतले. मग नळ सुटला. तीन मिनिटं. पाणी मोरीत जात होतं आणि दर अर्ध्या मिनिटानं काकांच्या तोंडून बारीकसा "अरेरे" निघत होता, पण हात त्यांनी मागे बांधून ठेवले होते. काकूंनी ते वरून धरलेही होते.

निकालाला एक दिवस लागतो. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर एका टोकाला टाकीवाला आणि दुसऱ्या टोकाला काका, मध्ये दोन माणसांची जागा. तासाभरानं काका म्हणाले, "आईंना काय सांगितलंत?"

"काही नाही. सांगितलं, बाजारात जातोय."

"मी माफी मागतो," काका म्हणाले. "लेखी हवी असेल तर लेखी देतो."

"नको काका," टाकीवाला घाईघाईनं म्हणाला, "तुमचं लेखी आता खूप झालं."

पावणेचारला मुलगी कागद घेऊन हसत, धावतच बाहेर आली. तिला बोलायची गरजच पडली नाही. टाकीवाल्यानं बाही डोळ्यांना लावली आणि तो तसाच बसून राहिला. काकांना त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण मध्ये दोन माणसांची जागा होती, म्हणून ते सरकत सरकत गेले आणि मग ठेवला.

टाकीवाल्यानं घड्याळ पाहिलं आणि ताडकन उठला. "चार वाजत आले. बदली माणसाला ते माप काही जमत नाही." दोन पावलं गेला आणि थबकला. "पण काका, अजून कामावर घेतल्याचा कागद नाही. कागदाशिवाय टाकीवर जायचं नाही, असा नियम आहे ना?"

साहेब शनिवारी दुपारी कचेरीत नसत. मुलीनं काकांकडे पाहिलं. टाकीवाल्यानंही पाहिलं. नियमकाकांनी एक मोठा श्वास घेतला.

"कागद येईल सोमवारी," ते म्हणाले. "चारचं औषध सोमवारी सोडून कसं चालेल? काढा सायकल!"

टाकीवाल्यानं सायकल काढली. तो पायडल मारणार तोच मागे वजन पडलं. एका सायकलवर दोघांनी बसू नये, असं एक पत्र काकांनी वाहतूक शाखेलाही लिहिलेलं होतं. पण आत्ता ते कॅरिअरवर बसून, एका हातानं टाकीवाल्याचा सदरा घट्ट धरून, दुसरा हात भर बाजारात हवेत नाचवत ओरडत होते, "बाजूला व्हा! बाजूला व्हा! टाकीवाले कामावर निघालेत!"